दाण्याचं लोणी

शेंगदाणे खलबत्त्यात कुटत राहिलं की आधी भरड होते, मग कूट होतो. बहुतेक बायका तिथंच थांबतात. कोशिंबिरीला, वांग्याच्या भाजीला तेवढा पुरतो. पण हात न थांबवता आणखी कुटलं, तर कूट बत्त्याला चिकटायला लागतो, कडेनं तेल सुटतं आणि बघता बघता खलात मऊ, ओलसर गोळा जमतो. त्यात बोटाच्या पेराएवढा गूळ, चिमूटभर मीठ, आणि पुन्हा चार दणके. मग ते रात्रीच्या शिळ्या भाकरीवर फासायचं, वर केळ्याच्या चकत्या मांडायच्या आणि उभ्या उभ्या खाऊन निघायचं. दहा मिनिटांचं काम, पण दुपारपर्यंत पोटाला आधार असतो.

परवा माझी भाची तिच्या परीक्षेसाठी माझ्याकडे राहायला आली, तेव्हा पिशवीतून एक बाटली काढून ओट्यावर ठेवली. दाण्याचं लोणी, दुकानातलं. "मावशी, सकाळी मी हे आणि केळं खाणार. तू माझ्यासाठी काही करू नकोस." मी झाकण उघडून वास घेतला. म्हटलं, "हे मी तेविसाव्या वर्षी रोज खायचे." "कुठं?" "पणदऱ्याला." तिनं मान हलवली आणि ती पुस्तकाकडे वळली. पोरीला पाठांतर होतं. मी मात्र बाटली हातात धरून बराच वेळ तशीच उभी होते. मार्च लागला होता. खाली सोसायटीत कुणीतरी मोठमोठ्यानं व्याख्या घोकत होतं.

बारामतीजवळच्या पणदऱ्याला मी गेले ती नोव्हेंबरात, बदली शिक्षिका म्हणून. नव्वदीतले दिवस. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. माझं काम एप्रिलपर्यंतचं. आदल्या वर्षी वडील गेले होते, आई थोरल्या भावाकडे राहत होती, आणि नगरच्या त्या दोन खोल्यांत मी नको होते असं कुणी म्हणालं नव्हतं. पण मी निघाले तेव्हा कुणी थांबवलंही नव्हतं. भावाचं महिन्याला एक अंतर्देशीय पत्र यायचं. आईची तब्येत बरी आहे, तू काळजी घे. तिसरी ओळ लिहायला त्याला कधी जमलं नाही.

खोली मिळाली ती आबांच्या घरात. पुढच्या बाजूला पत्र्याची एक खोली, मधे अंगण, मागे आबांचं घर. आबा सत्तरीच्या आसपासचे, उंच, पांढरं मुंडासं, बोलताना तोंडावर हात धरायची सवय. मला वाटलं, बायामाणसाशी बोलताना मर्यादा म्हणून धरत असतील. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. आबाही तरुणपणी त्या वाटा चाललेले. पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं कमी होत गेली. आता उसाचं रान दुसरा माणूस बघायचा. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलता मुलगा दत्ता भवानीनगरला साखर कारखान्यात कामाला, तिथंच कॉलनीत बायको-मुलीसह राहायचा. म्हणजे त्या घरात आम्ही दोघंच होतो आणि दोघं आपापल्या दाराआड.

दहावीचे जादा तास सकाळी सातला असायचे. रॉकेल मोजकंच मिळायचं, त्यामुळं सकाळी स्टोव्ह पेटवणं परवडत नसे. म्हणून मी रविवारी आठवड्याचे दाणे भाजून, सोलून डब्यात भरून ठेवायची आणि सकाळी सहाला कुटायला बसायची. थंडीत तो आवाज अंगणभर घुमायचा. आठवडाभरानं आबा दारासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, रोज सकाळी काय कुटता? काय दुखणं हाय का? औषध कुटल्यागत वाटतंय."

मी हसले. "औषध नाही, आबा. न्याहारी आहे." आणि एका वाटीत लोणी, त्यावर केळं कुस्करून त्यांना दिलं. त्यांनी वाटी घेतली, तोंडावर हात धरून "व्हय, व्हय" म्हणाले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळी वाटी घासून, आत दोन पेरू घालून परत आली.

तेव्हापासून रोज एक वाटी त्यांची झाली. पण त्यांनी ती माझ्यासमोर कधी खाल्ली नाही. घ्यायची, आत जायचं, कडी लावायची. मला ते जरा लागायचं. दिवसातून दोनच वेळा माणसाशी बोलणं व्हायचं, एक शाळेत आणि एक ही वाटी देताना. शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांची घरं होती, घंटा झाली की ते सायकली काढायचे. रविवार तर सरता सरायचा नाही. मी कपडे धुवायची, वह्या तपासायची, मग त्याच वह्या पुन्हा उघडून शेरे नीट आले आहेत का ते बघायची. एका रविवारी मी नुसतं कुणाशी तरी बोलायला मिळावं म्हणून एसटी पकडून बारामतीला गेले आणि मंडईत केळीवाल्याशी दरावरून इतका वेळ घातला, की तो शेवटी म्हणाला, "ताई, घ्यायची हाईत का नुसत्या गप्पा मारायच्या हाईत?" मी डझनभर घेऊन आले. चार केळी काळी पडून गेली.

जानेवारीत माझी अक्कलदाढ दुखायला लागली. शनिवारी बारामतीला जाऊन काढून घेतली आणि रविवारी उठले तेव्हा गाल एवढा सुजला होता, की एक डोळा अर्धा मिटलेला. भूक तर लागलेली. केळं आणि लोणी एकत्र घोटून, थोडं दूध घालून मी अंगणात उन्हाला बसले आणि चमच्यानं तोंडात घालायला लागले. तोंड अर्धंच उघडत होतं. एक घास आत जायचा, अर्धा हनुवटीवरून पदरावर यायचा. मी पुसते आहे, पुन्हा सांडते आहे. समोर बघते तर आबा दारात उभे.

आणि आबा हसले. मोठ्यानं, तोंडावर हात न धरता. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता.

हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आत गेले, आपली वाटी घेऊन आले आणि माझ्यासमोर पाटावर बसले. "आता जमलं आपलं," ते म्हणाले. "खावा, बाई. तुमी बी सांडा, मी बी सांडतो."

त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. बायको आजारी होती त्या वर्षात दाढा हलायला लागल्या, एकेक करून सगळे दात काढावे लागले. कवळी करून घेतली, पण पुढं हिरडी आकसली आणि कवळी सैल झाली. पुन्हा नीट करून घ्यायला या म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं, पण हे गेलेच नाहीत. "उसाचं कांडं दातानं सोलणारा गडी मी," ते म्हणाले. "नातीला, मंगलला, बारकं तुकडं पाडून करवं करून द्यायचो. आन् म्हातारीच्या तेराव्याला पंगतीत बसलो, तर तोंडातला घास पडला ताटात. समोरच्या पाव्हण्यानं तोंड फिरवलं. त्या दिसापासनं मी कुणाम्होरं जेवलो न्हाय. लेकाच्या घरी बी न्हाय."

"मुलाला सांगितलंत का?"

"ह्यात सांगायचं काय?" ते एकदम गंभीर झाले. "बाई, ही गोष्ट हितंच ऱ्हाऊ द्या."

मी हो म्हणाले. सुजलेल्या तोंडानं दिलेला तो शब्द मला अजून ऐकू येतो.

पुढचे पाच आठवडे आम्ही रोज सकाळी अंगणात एकत्र न्याहारी केली. आयुष्यात पुढं मी पुष्कळ चांगल्या ठिकाणी, चांगल्या माणसांबरोबर जेवले. तरी न्याहारी म्हटलं की मला तेच अंगण दिसतं. थंडीनं खालचा पाट गार पडलेला, कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या चाकांचा आवाज, आणि आबांचं विचारणं, "आज काय मिसळलंय?" कारण आम्ही प्रयोग करायला लागलो होतो. ते रानातून काहीबाही आणायचे. पपई दाण्याशी जमली नाही, पाणचट लागली. पेरूच्या बिया आबांच्या हिरड्यांत रुतायच्या. चिकू मात्र असा जमला, की आबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बाई, ह्याला गूळ नगं. हे आपलं आपणच गोड हाय." मेंढीच्या दुधाबद्दल ते सांगायचे, ते किती दाट असतं, पावसाळ्यात मेंढरांच्या वाड्यावर बाजरीची भाकरी त्यात कशी कुस्करायची. मी वडिलांबद्दल सांगितलं. नगर सोडल्यावर त्यांच्याबद्दल मी पहिल्यांदाच कुणाशी बोलत होते. आबांनी वाटी खाली ठेवून ऐकलं.

मी हे लिहिते आहे आणि आतल्या खोलीतून भाची विचारते, "मावशी, चहा करशील?" तिला चहा देऊन आले. ती पुस्तकातून डोकं वर न काढता "थँक्यू" म्हणाली. ती असते तोवर घरात आवाज असतो. तेवढ्यावर मी खूश असते.

फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी दत्ता आला. चाळिशीतला, बापासारखाच उंच, हातात पत्रिका. मंगलचं लग्न ठरलं होतं, एप्रिलात, भवानीनगरलाच. मी खोलीत वह्या तपासत होते, पण अंगणातलं सगळं ऐकू येत होतं.

"आबा, आठ दिस आधी चला. नातीचं लगीन हाय."

"तुमी करा. मी आशीर्वाद देतो हितनंच."

"हितनं कसा देता? पंगतीला तुमी म्होरं बसायला पायजे. पाव्हणं इचारत्याल."

"मला न्हाय जमायचं. एकदा सांगितलं न्हाय म्हणून."

मग दत्ता माझ्या दाराशी आला आणि पाणी मागितलं. तांब्या हातात घेऊन उभाच राहिला. डोळे लाल झालेले.

"बाई, तुमी शिकल्याल्या. तुमीच सांगा," तो म्हणाला. "आई गेल्यावर राहिलेली मेंढरं मी विकली. बघायला कुणी नव्हतं, काय करणार? आबा तवा हो म्हणाले, पण मनात राग धरला. चार वरसं झाली, माझ्या घरात त्यांनी घास न्हाय घेतला. माझी बायको समोर ताट ठेवती, तर हे उठून बाहेर जात्यात. ती रडती. आता पोरीच्या लग्नाला बी येणार न्हाईत. मेंढरं एवढी मोठी झाली का, बाई? पोटच्या पोरापरास?"

मी गप्प बसायला हवं होतं. शब्द दिला होता. पण तो माणूस तांब्या धरून उभा होता, आणि मेंढरांचा राग असा काही नव्हताच हे त्या सगळ्या घरात एकट्या मला माहीत होतं.

"मेंढरांचा राग नाही त्यांना," मी म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं.

दत्ता ऐकत राहिला. "दात?" तो म्हणाला. "नुसतं दात?" आणि खाली उंबऱ्यावर बसला.

मला वाटलं होतं, तो हळूच, आडून काही करील. पण साधा माणूस तो. पुढच्याच रविवारी बायकोला घेऊन आला. तिनं डब्यात मऊ शिरा, गाळलेली आमटी, दुधात भिजवलेली पोळी असं सगळं आणलं होतं. अंगणात ताट मांडलं आणि दत्ता हसत, प्रेमानं, सरळ बोलून गेला, "आबा, दात न्हाईत म्हणून आमाला लाजत होता व्हय? बाईंनी सांगितलं सगळं. अवो, आमी काय परकं हाय का?"

मी दारात उभी होते. आबांनी आधी ताटाकडे बघितलं, मग मुलाकडे, आणि मग माझ्याकडे. रागानं बघितलं असतं तर मला सोसलं असतं. एखादं भांडं उघडं राहावं तसा त्यांचा चेहरा झाला. मग हात वर आला आणि त्यांनी तोंड झाकलं. ते रानाकडे निघून गेले. दत्ता मागून हाका मारत गेला. त्याची बायको ताटावर पदर धरून तिथंच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांचं कुटलं. आबा आले नाहीत. मी वाटी त्यांच्या दाराशी ठेवली. दुपारी मी शाळेतून आले तेव्हा ती तशीच होती, मुंग्या लागलेल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी एकटीपुरतं कुटलं.

मग परीक्षा सुरू झाली. मार्चमधलं ते ऊन, वर्गात पंखा नाही, पोरं घामेजल्या हातांनी लिहिताहेत आणि मी बाकांमधून फिरते आहे. तीन तास कुणाशी बोलायचं नाही हा पर्यवेक्षणाचा नियमच असतो. परीक्षा संपवून घरी यायची तर तिथंही तेच. आबा अंगणात असले तर पाठ फिरवून आत जायचे. एकदा मी म्हटलं, "आबा, चुकलं माझं." त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. कडी लागली. मी खोलीत येऊन रडले. मग मलाच वाटलं, चुकलं तरी काय? पुन्हा तो माणूस तांब्या घेऊन दारात उभा राहिला, तर मी पुन्हा सांगीन. आणि हे कळल्यावर जास्तच एकटं वाटायला लागलं. कारण खरी माफी मागायला निदान आपलं चुकलं असं वाटावं लागतं.

भूमितीच्या पेपरच्या दिवशी मी परत आले तर आबांच्या दाराला कुलूप. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "दत्ता ट्रॅक्टर घेऊन आला होता. घेऊन गेला आबाला. तुमाला काय म्हणाले न्हाईत?" नाही म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण संध्याकाळी त्या रिकाम्या घराच्या अंगणात मी दिवा लावला आणि तिथं थांबवेना, म्हणून आत आले.

लग्नाला मला दत्तानं मुद्दाम निरोप पाठवला. मी बारामतीहून एसटी बदलून भवानीनगरला पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. कॉलनीतल्या मोकळ्या जागेत मांडव, पंगत बसलेली. पहिल्याच ओळीत आबा. नवं मुंडासं, कोरं धोतर. समोर नवऱ्या मुलाकडची वडीलधारी मंडळी. मी बायकांमध्ये बसले, पण लक्ष तिकडंच. पानं वाढून झाली. सगळे जेवू लागले. आबांचा हात पत्रावळीवर होता, पण हलत नव्हता. दत्ता मागं उभा होता, त्याचा चेहरा उतरलेला. मला वाटलं, आता हे उठणार.

आबांनी हात वर केला आणि वाढणाऱ्या माणसाला मोठ्यानं हाक मारली, "ए बाबा, हिकडं ये. बुंदी दुधात कुस्करून आण वाटीत. मला दात न्हाईत."

सगळी ओळ त्यांच्याकडे बघायला लागली. आबांनी हात खाली घेतला, तोंडावर नेला नाही. समोर बसलेल्या नवऱ्या मुलाच्या आजोबांनी मान वर केली. त्यांचं वय आबांहून जास्तच असावं.

"आन् मला तरी कुठं हाईत?" ते म्हणाले आणि भर पंगतीत त्यांनी तोंड उघडून दाखवलं. "लाजून मगासधरनं नुसता भात चिवडतोय. ए, दोन वाट्या आण रं!"

मांडवभर हशा पिकला. दत्ता हसत होता आणि डोळे पुसत होता. दोघं म्हातारे समोरासमोर बसून बुंदी ओरपत होते, हनुवटीवरून दूध ओघळत होतं आणि एकमेकांना सांगत होते की दात गेल्यावर काय काय खाता येतं. मला आबांचा आवाज ऐकू आला, "दाणं खलात तेल सुटंस्तवर कुटायचं, पाव्हणं. चिकू घालायचा. गूळ नगं."

मी जेवले आणि कुणाला न सांगता निघाले. दुसऱ्या दिवशी शाळेत उत्तरपत्रिका होत्या, त्या आठवड्यात माझं कामही संपत होतं. स्टँडवर उन्हात उभी होते, तर मागून चपलांचा आवाज आला. आबा. धाप लागलेली, मुंडासं सुटत आलेलं.

"न सांगताच निघाला व्हय, बाई?"

"तुम्ही पण न सांगताच गेलात."

दोघंही रस्त्याकडे बघत उभे राहिलो. बारामतीकडं जाणारी एक गाडी भरून गेली, थांबली नाही.

"राग गेला का, आबा?" मी विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले. लांबून दुसरी गाडी दिसायला लागली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पण राग यायला बी म्होरं मानूस लागतं, बाई. चार वरसं त्या घरात मला कुणाचा राग बी आला न्हवता."

गाडी थांबली. मी चढले. खिडकीची जागा नव्हती, त्यामुळं ते किती वेळ उभे होते ते मला दिसलं नाही.